द्वादशीचे वादळ



गेल्या चातुर्मासात एका गावी काल्याचे कीर्तन झाले. प्रसाद घेऊन आम्ही ओसरीवर सुपारी कातरीत बसलो होतो. (सुपारी हा आमचा जुना दोष आहे. गुरुजींनी दोनदा सोडविली. तिसऱ्यांदा त्यांनीच आमचा नाद सोडला.) इतक्यात एक तरुण टाळकरी जवळ येऊन बसला. कीर्तनात आम्ही तृणावर्ताचे आख्यान लाविले होते. वावटळीचे रूप घेऊन तो दैत्य गोकुळात आला, बाळकृष्णाला उचलून आकाशात घेऊन गेला आणि शेवटी स्वतःच खाली आपटला, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आम्ही तो हसत हसवीत सांगतो, लोकही हसतात. तो मुलगा म्हणाला, "महाराज, तृणावर्त ठीक आहे. पण खरे वादळ येते ते देव पाठवतो का? आणि पाठवीत असेल तर का पाठवतो?"

पाठशाळेत घोकलेले उत्तर जिभेवर तयार होते. परंतु अडकित्त्यात धरलेले खांड श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे होते. त्याकडे दृष्टी गेली आणि ते उत्तर घशातच राहिले. त्याला एवढेच म्हणालो, "बाळा, याचे उत्तर ओसरीवर होण्यासारखे नाही. लिहून कळवितो." ते आज लिहीत आहोत. मासिकातून लिहिण्याचे कारण असे की, हाच प्रश्न मनात असलेले आणखी पुष्कळ असतील आणि त्यांना विचारण्याचा संकोच वाटत असेल.

आम्ही दहाबारा वर्षांचे असताना तर्कसंग्रह पाठ केला. त्यात नऊ द्रव्ये येतात आणि त्यांत वायूचे लक्षण असे सांगितले आहे की, त्याला रूप नसते, स्पर्श मात्र असतो. हे लक्षण आम्ही शेंडी हालवीत किती हजार वेळा म्हटले असेल त्याची गणती नाही. त्याचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर, कोकणातल्या एका पडवीत, शके १९४२ च्या ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला कळला. इंग्रजी तारीख ३ जून २०२०.

तिकडे आम्ही कसे, तेही सांगितले पाहिजे. श्रीवर्धन तालुक्यातील एका गावी पाडव्यापासून रामनवमीपर्यंत सप्ताह ठरला होता. आम्ही पाडव्याच्या आधीच जाऊन पोचलो आणि त्याच पाडव्याला, म्हणजे २५ मार्चला, करोनाच्या साथीमुळे सारा देश बंद झाला. सप्ताह राहिला, एस्. टी. राहिली, आणि आम्हीही तेथेच राहिलो. वयोवृद्ध माणसाने घराबाहेर पडू नये असा दंडक होता. यजमानांचे घर मोठे, माणसे भाविक. घरामागे सुपारीची वाडी. पोफळींची झाडे इतकी दाट की दुपारी बारा वाजताही खाली ऊन रुपयाएवढे पडावयाचे. पोफळींवर मिरीचे वेल चढविलेले, मधून जायफळ, कडेने माड. यजमानांच्या मातोश्रींना सगळे गाव माई म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात माळ, लग्न होऊन आल्यापासून आषाढीची वारी चुकलेली नाही. त्या वर्षी पायी वारी होणार की नाही याचीच माईला चिंता. वादळाची कल्पना कोणालाच नव्हती.

१ जूनला बातमी आली की अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले आणि त्याला नाव मिळाले, निसर्ग. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. आपल्या बाजूच्या समुद्रांतील वादळांना नावे देण्यासाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे देऊन जी नवी यादी केली, तिच्यातले हे पहिलेच नाव. पंधराच दिवसांपूर्वी, २० मे रोजी, बंगालच्या किनाऱ्यावर अम्फान आदळले होते; ते जुन्या यादीतले शेवटचे.

त्या दिवशी निर्जला एकादशी. घरात माई, यजमान, सूनबाई आणि आम्ही, चौघांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. संध्याकाळी तलाठी व ग्रामपंचायतीची माणसे येऊन सांगून गेली की कच्च्या घरातल्यांनी शाळेत जावे, होड्या ओढून वर घ्याव्या, उद्या दुपारी काही खरे नाही. आम्ही मनात म्हटले, समुद्रकाठचे लोक, यांना वाऱ्याची सवय असणार. माई मात्र उठली आणि देवघरातली विठ्ठलरखुमाईची मूर्ती फडक्यात गुंडाळून तिने तांदळाच्या पिंपात ठेवली. आम्ही विचारले, "माई, देवाला कशाला कोंडता?" ती म्हणाली, "बुवा, कौलं फुटून डोकीवर पडतात. ती काय देव बघून पडतात होय?"

वादळ होते कसे, हे आम्ही पुढे एका शास्त्रशिक्षकाकडून समजावून घेतले. समुद्राचे पाणी सव्वीससत्तावीस अंशांच्या वर तापले म्हणजे त्याची वाफ जोराने वर चढते. वर गेलेल्या हवेची जागा भरावयास चहूकडून वारा धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तो सरळ आत न येता वळतो. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वर गेलेली वाफ थंड होऊन पाणी होताना आपली उष्णता सोडते, त्या उष्णतेने हवा आणखी चढते, आणि चक्र वाढत जाते. मध्यभागी मात्र शांतता असते, तिला वादळाचा डोळा म्हणतात. जमिनीवर आले की त्याचे अन्नपाणी तुटते व ते खचते. त्या दिवसांत अरबी समुद्राचे पाणी तीस अंशांच्या आसपास होते. समुद्र तापत चालला आहे. माणसाने धूर करून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठविली, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रांनी पोटात घेतली आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. हा मुद्दा लक्षात असू द्या, त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

वादळ प्रथम उत्तरेकडे चालले होते, मग किनाऱ्याकडे वळले. ३ तारखेला दुपारी साडेबारा ते अडीच या वेळात ते अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते सव्वाशे किलोमीटरच्या दरम्यान होता. मुंबईवर येणार म्हणून सारी मुंबई श्वास रोखून बसली होती, ती थोडक्यात वाचली. जे मुंबईचे टळले ते आमच्या माईच्या वाडीवर आले, असे आम्हांला वाटावयाचे. पण हाही विचार बरोबर नाही, कोणाचे टळले म्हणून कोणावर येते असे नसते.

द्वादशी त्या दिवशी सकाळीच संपत होती, म्हणून नऊच्या आत पारणे केले. वरणभात, अळूची भाजी, वाडीतलेच केळे. बारस सोडून हात धुतले तेव्हा वारा सुरू झाला होता. पहिल्याने तो डोंगराकडून, पूर्वेकडून आला. पोफळी वाकत, पुन्हा उभ्या राहत. पोफळीला वाकणे ठाऊक आहे. अकरापर्यंत आम्ही पडवीत बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. मग आवाज इतका वाढला की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना. त्या आवाजाला उपमा आम्हांला अजून सापडलेली नाही, आणि चाळीस वर्षे कीर्तनात उपमा देण्यातच गेली आहेत. पडवीचे पत्रे उचलले गेले. कौले पानांसारखी उडाली. आम्ही सहाजण माजघरात, जात्याजवळ, एकमेकांस धरून बसलो. रूप नाही, स्पर्श आहे!

मग एकदम सर्व थांबले. पाऊस थांबला, वारा थांबला. यजमान दार उघडून बाहेर जाऊ लागले, तेव्हा माईने त्यांचे धोतर धरले. "अजून अर्धं यायचं आहे." तिला कोणी सांगितले होते कोणास ठाऊक. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने, समुद्राकडून आला. पूर्वेच्या वाऱ्याने सैल झालेली झाडे पश्चिमेच्या वाऱ्याने पडली. पोफळी मध्येच काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट उपटले. एकावर एक पडत गेले. तीन पिढ्यांची वाडी दोन तासांत आडवी झाली. संध्याकाळी आम्ही मागल्या दारी उभे राहिलो तर घराच्या मागून थेट समुद्र दिसत होता. यजमान पन्नाशीचे, त्या घरात जन्मलेले. मागल्या दारातून समुद्र त्यांनी त्या दिवशी पहिल्याने पाहिला.

वादळ रायगडातून पुणे, नाशिककडे चढत गेले, खचत खचत दुसऱ्या दिवशी त्याचे नुसते पावसाचे ढग उरले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, खाली मंडणगड, दापोली, हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात घरे, बागा, विजेचे खांब यांची धूळधाण झाली. रत्नागिरीस एक जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. राज्यात सहाजणांचे प्राण गेले. एवढ्या वादळात सहाच का, याचे कारण सांगितले पाहिजे. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसाच्या किनाऱ्यावर महावादळ आले, तेव्हा जवळजवळ दहा हजार माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ साली फायलीन आले, तेही काही कमी नव्हते. पण आधी कळले होते आणि लाखो लोकांना आधीच हलविले होते, म्हणून मृतांची संख्या दहा हजारांवरून काही दशकांवर आली. वारा तोच, समुद्र तोच. तलाठ्याने दारी येऊन सांगितले, हाही देवाचाच हात नव्हे काय? आदल्या दिवशी त्या माणसाचे बोलणे आम्ही कानाआड केले होते, ते अजून मनाला टोचते.

आता आमची चूक सांगतो. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

वादळानंतर वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. फोन बंद, रस्ते झाडांनी भरलेले. पाचव्यासहाव्या दिवशी गावातली दहाबारा माणसे अंतर ठेवून यजमानांच्या अंगणात जमली. कंदिलाच्या उजेडात, "बुवा, दोन शब्द सांगा" म्हणाली. आम्ही उभे राहिलो आणि पाठशाळेतले उत्तर सांगितले. अधर्म वाढला, आचार सुटला, तीर्थक्षेत्रे सहलीची ठिकाणे झाली, म्हणून निसर्ग कोपला. हे आपल्या सामुदायिक पापाचे फळ होय. शब्द चांगले लागले. आवाजही त्या दिवशी बरा होता. माना डोलल्या. मध्येच शेजारची एक बाई उठून निघून गेली. आम्हांला वाटले, मूल रडत असेल.

रात्री माई म्हणाली, "बुवा, पोफळीनं काय पाप केलं होतं?" आम्ही म्हणालो, "झाडाला पाप नसते माई, मालकाचे असते." ती काही बोलली नाही. मालक म्हणजे तिचाच मुलगा, हे आम्हांला तिचे गप्प राहणे ऐकून उमगले.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या बाईकडे गेलो. तिचे छप्पर पूर्ण गेलेले, अर्ध्या घरावर शेवग्याच्या फांद्या घालून चूल मांडली होती. दोरीवर मुलाची भिजलेली पुस्तके पान पान करून वाळत होती. नवरा मुंबईस, साथीमुळे तिकडेच अडकलेला. आम्हांला पाहून तिने पाट मांडला, पाया पडली, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बुवा, आम्ही काय वाईट वागलो ते सांगा. म्हणजे पुन्हा नाही वागणार."

मायबापहो, आम्ही वाद पुष्कळ केले आहेत. पुण्यास, नाशिकास, शास्त्र्यांच्या सभेत बसलो आहोत. त्या बाईच्या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ एक अक्षर नव्हते. तिच्या बोलण्यात उपहास असता तर आम्ही त्याला उत्तर दिले असते. ती खरेच विचारीत होती.

शास्त्र काय म्हणते ते आधी पाहू, कारण शास्त्र सोडून बोलणे आमच्याने होणार नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच आक्षेप घेतला आहे. एकाला सुखी, एकाला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती ठरतो, आणि संहार करणारा निर्दय ठरतो. त्याचे निरसन करताना शंकराचार्य पावसाचे उदाहरण देतात. पाऊस भातालाही सारखाच, जवालाही सारखाच. एकातून भात उगवतो, दुसऱ्यातून जव, तो भेद बीजाचा. तसा ईश्वर सर्वांना साधारण, सुखदुःखातील भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा. हे आम्ही शिकलो, शिकविले, आणि त्या रात्री अंगणात हेच सांगितले असे आम्हांला वाटत होते.

पण विचार करता असे दिसले की आचार्यांनी सांगितले ते देवावरचा आरोप काढण्यासाठी. आम्ही तोच सिद्धांत उचलून त्या बाईवर आरोप ठेविला. आचार्यांनी कोठेही असे म्हटलेले नाही की, अमक्याचे छप्पर उडाले सबब अमक्याने अमुक पाप केले. उलट, कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे जाणणे माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून तर फलदाता ईश्वर मानावा लागतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात स्वतः भगवंतांनी कर्माच्या वाटचालीला दुर्गम म्हटले आहे. जे भगवंतांनी दुर्गम म्हटले, ते आम्ही कंदिलाच्या उजेडात तलाठ्याच्या सातबाऱ्यासारखे वाचून दाखविले. पंडिताचा हा अपराध अडाण्याच्या अपराधाहून मोठा. कर्माचा हिशेब ज्याचा त्याने आपल्या अंतःकरणात, रात्री अंथरुणावर मांडावा; तेथे तो औषधासारखा आहे. दुसऱ्याच्या दारात उभे राहून मांडू लागलो की तेच विष होते.

आणि तो समुद्र तापल्याचा मुद्दा. त्यालाच सामुदायिक कर्म म्हणावयाचे तर खुशाल म्हणा, आमची ना नाही. पण मग नीट पाहावे लागेल. धूर केला कोणी? ज्यांच्या गिरण्या, ज्यांच्या मोटारी, ज्यांची विमाने त्यांनी. त्या बाईच्या घरी एक चूल आणि एक दिवा होता, तोही वादळाने नेला. केले एकाने आणि भोगले दुसऱ्याने. आम्हीच कीर्तनांसाठी वर्षात किती वेळा यजमानांच्या मोटारीतून हिंडतो! अंगणात बसलेल्या सर्वांत अधिक धूर कदाचित आमच्याच नावावर निघावयाचा.

मग सांगावे काय? आम्ही पुष्कळ दिवस गप्पच राहिलो. दरम्यान आमच्या फडावरचे चार टाळकरी परवाना काढून, टेम्पोतून ताडपत्री, तांदूळ आणि दोन करवती घेऊन आले. येताच एकाने विचारले, "महाराज, आधी भजन की आधी झाडे?" त्या बाईच्या दारावर पडलेला माड दाखविला आणि म्हटले, आधी हे. चार दिवस ते लोक झाडेच तोडीत होते. संध्याकाळी दमून हरिपाठ म्हणत, तो मात्र गाव ऐकावयास येई. त्यांना ताल सोडून काही येत नाही, निरूपण तर नाहीच.

शासनाची मदत आली. फळबागेला हेक्टरी १८,००० होती ती ५०,००० केली, हे चांगले झाले. परंतु कोकणात हेक्टर आहे कोणाकडे? पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने २,५०० रुपये पडतात. पडलेले झाड कापून बाहेर काढावयासही ते पुरत नाहीत. पोफळीला नवे फळ धरावयास पाचसहा वर्षे लागतात, आणि रोपाला सावली लागते. सावली देणारी झाडेच पडलेली. म्हणून हेक्टरावर न देता झाडामागे द्या, अशी मागणी पुढे झाली, ती रास्त होती.

यात आणखी एक गोष्ट. पुष्कळांनी सुपारीवर व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतलेली होती. पीक गेले, उचल राहिली.

आषाढी एकादशी १ जुलैला आली. त्या वर्षी पायी सोहळा झाला नाही. आदल्या दिवशी, दशमीला, माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एस्. टी. बसने पंढरीस गेल्या. माईची वारी प्रथमच चुकली. तिने दिवसभर पंढरीकडे तोंड करून ओटीवर बसून काढला. रात्री आम्हांला उभे राहणे भाग होते. या वेळी आम्ही कारण सांगितले नाही, तुकोबारायांचे चरित्र सांगितले. त्यांच्या तरुणपणी, इसवी सन १६३० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, सावकारीची अब्रू गेली. दुष्काळ का पडला, कोणाच्या पापाने पडला, याचा निवाडा करीत ते बसले नाहीत. त्यांनी काय केले? देहूचे मोडके विठ्ठलमंदिर दुरुस्त केले. आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या कागदांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला, आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडविले. घरात दाणा नसताना बुडविले, हे ध्यानात घ्या. देव आहे की नाही या प्रश्नाला दुष्काळानंतरचे तुकोबांचे उत्तर तेथे, नदीच्या काठावर, आहे. ज्यांच्याकडून येणे होते तीही दुष्काळात होरपळलेलीच माणसे होती.

कीर्तन संपल्यावर तो व्यापारी पाया पडावयास आला. तो त्याच गावचा, बरा माणूस. पाया पडून हळूच म्हणाला, "महाराज, आम्हांला कागद बुडवायला सांगितलंत. पाडव्याच्या सप्ताहाची तुमची बिदागी गावानं आगाऊ दिलेली आहे. सप्ताह तर झाला नाही."

खरे होते. वर्गणीचे पैसे आमच्या पिशवीत, गीतेच्या पोथीखाली, तीन महिने तसेच होते. आम्हांला त्यांची आठवण नव्हती असे म्हणवत नाही. आठवण होती. परतीच्या प्रवासाला लागतील, आजारपणाला लागतील, असे मनाशी चालले होते. त्याच रात्री ते यजमानांच्या हाती दिले आणि शेजारच्या घराच्या पत्र्यांना लावावयास सांगितले. हे औदार्य म्हणून सांगत नाही. विचारल्यावर दिले, आधी दिले नाही.

व्यापाऱ्याने कागद बुडविले नाहीत. मात्र दोन हंगाम त्याने व्याज धरले नाही असे यजमानांनी पुढे सांगितले. ते कीर्तनामुळे की वाड्यांत सुपारीच नव्हती म्हणून, ते आम्ही ठरवीत नाही.

आता त्या तरुण टाळकऱ्याला काय सांगावे? वादळ देवाच्या सृष्टीत होते, देवाच्या नियमाने होते. देवाबाहेर काही आहे असे आमचा संप्रदाय मानीत नाही. म्हणून 'देव पाठवीत नाही' असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. पण 'का पाठवतो' याचे उत्तर आमच्यापाशी नाही. चाळीस वर्षे आहे असे समजून बोलत होतो. तो पुढे कधी कीर्तनाला उभा राहील, तेव्हा त्याच्यासमोर भिजलेली पुस्तके वाळत घातलेली कोणी बाई बसली असेल, एवढे मनात ठेवून त्याने बोलावे.

त्या वादळानंतर दुसऱ्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्यावरून वर गेले आणि १७ तारखेस गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. नवी लावलेली रोपे त्यात पुन्हा हेलपाटली. यजमानांनी केळींचा आडोसा करून पुन्हा लाविली. शेजारच्या बाईचा नवरा आता गावीच असतो. आम्ही दर वर्षी ज्येष्ठातली बारस सोडावयास तिकडे जातो. बिदागी घेत नाही. केळी देतात, ती आणतो. मागल्या दारातून समुद्र अजून थोडा दिसतो, दर वर्षी थोडा कमी.

माई आहे. ऐकू कमी येते. संध्याकाळी हरिपाठाला बसण्याआधी नातवाला हाक मारून विचारते, "समुद्रात काही आहे का रे?" तो मोबाईलवर हवामानखात्याची बातमी बघून मोठ्याने सांगतो, "काही नाही आजी." मग ती टाळ उचलते.